पापुद्रा

भट्टी क्रमांक दोन. चिंचोळीतली रात्रपाळी.
अकराशे अंशांवर पन्नास मिनिटं,
मग बाहेर, पंख्याच्या झोतात दहा,
मग परत आत.
वहीत मी उभ्या रेघा मारते, पाचवी आडवी,
आई विड्यांचे कट्टे मोजते तशी.

पात्यावरचा थर पांढरा, झिर्कोनियाचा,
यिट्रियाची चिमूट घातलेला.
दोन केस शेजारी ठेवले की होईल एवढीच जाडी.
त्याच्या भरवशावर खालचं निकेल
वितळायच्या अलीकडे थांबतं.

नवी होते तेव्हा वाटायचं, मारते ती उष्णताच.
सोलापुरात वाढलेल्या पोरीला
दुसरं काय वाटणार?
म्हेत्रे सर म्हणाले,
तापताना काही होत नाही गं, तापू दे खुशाल.
लक्ष ठेवायचं ते गार होताना.

धातू ऐसपैस पसरतो
आणि उतरताना घाईनं अंग चोरतो.
मातीची जात निराळी.
ती पसरतेही बेतानं, आखडतेही बेतानं.
खालची जागा कमी झाली
की वरच्यानं जायचं कुठे?

मला एकदम आमचे पत्रे आठवले.
विडी घरकुलातली मे महिन्यातली रात्र,
ऊन कधीच गेलेलं,
आणि अकराच्या सुमारास छत वाजायला लागायचं,
टक्, मग बऱ्याच वेळानं टक्.
लहानपणी वाटायचं मांजर आहे.

आणखी एक सांगितलं त्यांनी.
वरचा थर आणि पातं यांच्यामध्ये
एक चिकटवणारा थर असतो.
त्याच्यावरच, दर फेऱ्याला थोडी थोडी,
ॲल्युमिनाची साय धरत जाते.
सहा-सात मायक्रॉन झाली की पुरे.
बाहेरून पाहिलं तर काही दिसत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन तुकडे ठेवले होते.
एक काचेसारखा, एकसंध, बघत राहावा असा.
साठ फेऱ्यांत गेला.
दुसऱ्यात नुसते खांब,
कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवाव्यात तसे,
आणि खांबाखांबांत फटी.
माझ्या वहीत तो अजून उभा होता.
फटी आहेत म्हणून अंग सैल सोडता येतं त्याला,
सर म्हणाले, आणि चहाला गेले.

चारशे बारावा फेरा. पहाटेचे सव्वातीन.
भट्टीतून काढताना ठीक होता,
लाल, मग विटकरी, मग करडा.
पंखा बंद केला. वहीत रेघ मारायला वाकले
आणि मागे टिंग.
काचेची बांगडी वाढवावी तेवढाच आवाज.

भाग्याचं लग्न मोडलं तेव्हा
आईनं कार्यालयाची अनामत परत आणली,
आचाऱ्याला समजावलं,
तीन बसवाल्यांशी तेलुगूत भांडली, मग मराठीत, मग कानडीत.
डोळ्यांत टिपूस नाही.
सगळे म्हणाले, नरसव्वा पोलाद आहे.
पाच महिन्यांनी, एका रिकाम्या दुपारी,
पाल्याची शीर काढता काढता
हातातली कात्री खाली पडली,
आणि ती उचलायचं सोडून आई बसून राहिली
दिवे लागेपर्यंत.
मी विचारलं, काय झालं?
म्हणाली, आता कुठे काय झालंय.

सकाळी घरी आले तर तवा चुलीवर.
भाकरी उलटली, कडेनं वाफ धरली,
पापुद्रा सुटला, टम्म.
सुटला म्हणजे जमली, आईचा हिशोब.
सुटला म्हणजे नापास, आमचा.
दोन्हीकडे खालच्यापासून वरचं वेगळं होतं,
एकीकडे कौतुक, एकीकडे लाल शाई.

मी खिशातून काडेपेटी काढली.
आत तो तुकडा, नखाएवढा,
किंचित बाक आलेला, वजन जवळजवळ नाहीच.
हा अकराशे अंश सोसतो, मी म्हटलं.
सोसत होता.

आईनं पिठाचा हात पदराला पुसला.
"मेल्लगा," स्वतःलाच म्हणाली,
आणि चिमटीत धरून तो खिडकीकडे नेला,
पानाची शीर बघते तसा
वरून खाली,
मग उलटून
ज्या बाजूनं सुटला होता ती बाजू
कितीतरी वेळ.

भाकरी करपल्याचा वास आला
तेव्हा दोघीही धावलो.